दाजींचा भिंतीवर विश्वास नव्हता

भिंतीवर विश्वास न ठेवणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला. दाजी मूळचे शेवगावकडचे, बेलापूरजवळच्या एका साखर कारखान्यात इंजिनिअर. खांब, कठडा, खुंटी, काहीही दिसलं की आधी ते हलवून बघायचं आणि स्वतःलाच विचारायचं, "हे धरलंय, का नुसतं टेकलंय?" अक्काला बघायला आले तेव्हा पोहे यायच्या आत त्यांनी आमच्या ओट्याचे दोन्ही खांब हलवून पाहिले होते. वडील म्हणाले, "मुलगा चौकस दिसतो." आई म्हणाली, "पोरगा घर पाडंल." पुढे एका लग्नात त्यांनी मांडवाचा खांब असाच हलवला आणि तो खरोखरच टेकलेला निघाला. मंगलाष्टकं चालू असताना सगळं कापड अलगद भटजींसकट वऱ्हाडावर उतरलं. कापडाखालून दाजींचा आवाज आला, "म्हनलं न्हवतं?"

वडील गेल्यावर मी डिप्लोमा अर्धवट सोडायला निघालो होतो. दाजींनी मला आपल्या घरी आणलं, शिक्षण पुरं करवलं आणि आपल्याच कचेरीत नकाशे काढायला बसवलं. घरीही कचेरी चालूच असायची. जेवताना ते गवारीच्या शेंगा ताटात एकापुढे एक मांडून वाफेच्या पाईपची लाईन तयार करत आणि मला विचारत, "पाव्हणं, सांगा, हिला कुठं तोडायची?" अक्का वैतागायची, "अहो, तोडा कुठंही, पण गिळा! कढी गार झाली."

प्रश्न मात्र खरा होता. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी कारखान्यात नवा बॉयलर आला होता. त्याची वाफ पार पटांगण ओलांडून पॉवर हाऊसमधल्या टर्बाईनला न्यायची होती. पाईप तापला की लांबतो, आणि त्याला लांबायला जागा नसली की तो ज्याला जोडलाय त्यालाच रेटतो. हा रेटा किती ते आधी काढावं लागतं. हाताशी फक्त स्लाईड रूल, म्हणजे हिशोबाची सरकती पट्टी, त्यामुळे एवढ्या लांब लाईनचं गणित एकदम होत नसे. तिचे तुकडे पाडायचे आणि एकेक सोडवायचा. पण तुकडा पाडायचा तो पाईप जिथे चारी बाजूंनी घट्ट धरलेला असेल तिथेच. नाहीतर इकडचा रेटा गुपचूप तिकडे जातो आणि दोन्ही कागदांवर दिसत नाही.

पुण्याहून आलेल्या सल्लागारांनी लाईन पॉवर हाऊसच्या भिंतीपाशी तोडली होती.

"भिंतच का साहेब?" दाजींनी विचारलं.

"नकाशाचा कागद तिथे संपतो. आणि भिंत चांगली दीड हाताची आहे."

"पर भितीला भोक हाय, साहेब. पाईप भोकातनं जातोय. भोक काय धरनार त्याला?"

दाजी चिडले की शेवगावची बोली बाहेर येई. मॅनेजर घाईला आले होते. "अहो, हंगाम तोंडावर आलाय. ऊस रानात उभा आहे."

"ऊस थांबंल. वाफ थांबायची न्हाई," दाजी म्हणाले. "त्या टर्बाईनपाशी आपला ऑपरेटर हमीदभाई बसतो. तो काय कागदावर बसत न्हाई."

शेवटी मॅनेजरांनी दसऱ्यापर्यंत मुदत दिली. आम्ही दोघांनी भिंत नाहीच असं समजून पुढचा-मागचा तुकडा जोडला आणि गणित पुन्हा मांडलं. टर्बाईनच्या तोंडावर येणारा रेटा बनवणाऱ्यांनी सांगितलेल्या मर्यादेच्या तिप्पट निघाला. दाजी उठून पटांगणात गेले आणि आठवडाभर तिथेच येरझाऱ्या घालत राहिले. पाईप कुठेच धरलेला नव्हता, तेव्हा आता तो आपणच धरायचा, असं त्यांनी ठरवलं. भिंतीच्या अलीकडे काँक्रीटचा भलामोठा ठोकळा बांधून पाईप त्याला कायमचा जखडायचा, आणि लांबायला जागा म्हणून ठोकळ्याच्या दोन्ही अंगांना पाईपची एकेक कमान काढायची. लाईन तोडायची ती त्या ठोकळ्यावर.

वाफ सोडायच्या दिवशी सगळा कारखाना पटांगणात जमला. दाजींनी हमीदभाईंना आपल्या शेजारी बाहेर उभं केलं होतं. पाईप तापत गेला, कुरकुरला, आणि बॉयलरकडची कमान डोळ्यांदेखत चार बोटं सरकली. ठोकळा जागचा हलला नाही. टर्बाईन संथ आवाजात फिरू लागलं. सल्लागार त्या कमानीकडे बघत हळूच म्हणाले, "ही चार बोटं आम्ही कागदावर भिंतीत बुजवली होती." त्यांनी दाजींचा हात हातात घेतला. हमीदभाई म्हणाले, "साब, आता बसू का आत?" दाजींनी होकारार्थी मान डोलावली.

संध्याकाळी घरी आल्यावर ते ओट्यावर बसले. चपलेचं बक्कल काढायला वाकले, पण बोटं इतकी थरथरत होती की ते सुटेना. एवढे दिवस हा माणूस किती भ्याला होता ते मला तेव्हा कळलं. मी खाली बसून बक्कल सोडवू लागलो.

"राहू द्या पाव्हणं. पायाला हात लावू ने."

दाजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. आभार मानायची आमच्या घरात रीत नव्हती, आणि कुठून सुरुवात करावी तेही मला कधी सुचलं नाही. त्या संध्याकाळी बक्कल सोडवायला मी जरा जास्तच वेळ लावला, एवढंच.