हिलालची विटकर

हिलाल माझा शाळेपासूनचा मित्र. अमळनेरात बोरीच्या पुलाकडे जाताना उजव्या हाताला त्याचं सायकलचं दुकान आहे. मी बाजार समितीतून निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी पेपर घेऊन तिथेच बसतो, आणि माझ्या घरच्यांनाही ते बरं वाटतं. बाकीचं गाव त्याला नाना म्हणतं. मी म्हणत नाही. डबा चोरून खाणाऱ्याला कोण नाना म्हणेल?

पण चाकाच्या बाबतीत त्याच्यासमोर कान पकडावेत. वाकडं झालेलं चाक तो उलट्या सायकलवर फिरवायचा, तारांना बोटाने टिचक्या मारायचा आणि आवाजावरून कुठली तार ढिली, कुठली ताठ ते सांगायचा. वाकडेपणा काढण्याला सायकलवाले आऊट काढणं म्हणतात. हिलालने आऊट काढलेलं चाक वर्षभर हलायचं नाही.

त्याची आणखी एक खासियत होती. ब्रेक नीट लागत नाही म्हणून कोणी आलं, की तो विटकर, म्हणजे भाजक्या विटेचा तुकडा घेऊन रिंगेच्या दोन्ही कडा खसाखसा घासायचा. तेल, चिकटा, काळ्या मातीची धूळ सगळं निघून जायचं आणि ब्रेकचे रबर रिंगेला घट्ट धरायचे. ही विद्या त्याला वडिलांकडून मिळाली. काळ्या लोखंडी सायकलींवर दोन पिढ्या ती चालली. पुढे गिअरच्या, जाड टायरच्या सायकली आल्या, त्यांच्या रिंगा पांढऱ्या अलॉयच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या आल्या. हिलालची विटकर तीच राहिली.

तसली एक जुनी गिअरची सायकल त्याच्या घरातच होती. मुलगा नीलेश सुरतेला कामाला गेला आणि त्याची सायकल त्याच्या बायकोकडे, दिपमालाकडे आली. ती खेड्यावरच्या पोस्टात टपाल वाटते. तीन गावं आणि पुलाकडची वस्ती, रोजचे पंधरा-सोळा किलोमीटर. पोरगी मोजकं बोलणारी आणि कामाला वाघ.

गेल्या महिन्यात पुलाच्या उतारावर समोर म्हैस आली म्हणून तिने ब्रेक दाबला. पुढचं चाक फटाक्यासारखं वाजलं आणि ती हँडलवरून रस्त्यावर पडली. उजवं मनगट मोडलं, हनुवटीला पाच टाके पडले. मागून ट्रॅक्टर येत होता. तो वेळेत थांबला म्हणून ती आज आहे.

गावाला बोलायला विषय मिळाला. बाईमाणसाने पुढचा ब्रेक दाबला, मग दुसरं काय होणार! मीही त्यातलाच. दुकानात बसून मी सगळ्यांना हेच समजावून सांगत होतो. दिपमालानेही ते खरं मानलं. "मनीच चूक व्हयनी," एवढंच ती म्हणायची.

हिलाल मात्र फुटलेल्या रिंगेकडे बघत राहायचा. रिंगेची कड हातभर लांब उकलून बाहेर आली होती. असली रिंग अमळनेरात मिळेना, म्हणून आम्ही दोघं बसने धुळ्याला गेलो. नमुना म्हणून जुनी रिंग गोणपाटात गुंडाळून घेतली होती.

धुळ्याचा दुकानदार रुपचंद तसा सज्जन माणूस. त्याने रिंगेच्या कडेवरून अंगठा फिरवला, तोच त्याचा चेहरा उतरला.

"नाना, यावर काय घासत होते?"

"इट," हिलाल म्हणाला. "ब्रेक चांगला लागस."

रुपचंदने नवी रिंग काढली. तिच्या कडेवर एक बारीक खोबण होती. "ब्रेक लागून लागून अलॉय झिजतं. ही खोबण दिसेनाशी झाली की रिंग बदलायची. आणि तुम्ही तर वीट मारली. लोखंडाचं काही बिघडत नाही, पण हे मऊ असतं. बघा ना, पापडासारखं झालंय. आतून हवेचा दाब, बाहेरून ब्रेक. फुटणारच. ब्रेक मारताना हादरे बसत असतील, तसं म्हणालं नाही का कोणी?"

हिलालने पैसे मोजले. नवी रिंग घेतली आणि आम्ही स्टँडवर आलो.

बसमध्ये पारोळा येईपर्यंत तो नव्या रिंगेच्या खोबणीवर अंगठा फिरवत राहिला. मग म्हणाला, "पोर मरी जाती."

मला त्याची दया आली. चाळीस वर्षांचं नाव एका दुपारी जाणार होतं. मी म्हटलं, "जे व्हयनं ते व्हयनं. आते कोनले सांगाले जाऊ नको. झाकेल मूठ सव्वा लाखनी." मैत्रीपोटीच म्हणालो. त्याने ऐकलं, आणि तिथेच आम्ही दोघे चुकलो.

दुसऱ्या दिवशी त्याने चाक बांधायला घेतलं. रीत अशी, की नवी रिंग जुनीला चिकटवून बांधायची आणि एकेक तार सोडून पलीकडे न्यायची. छत्तीस तारा. एरवी तासाभराचं काम. या खेपेला तार लावायचा, टिचकी मारायचा, पुन्हा सोडायचा. दोन दिवस झाले, तीन झाले. मी म्हटलं, "अरे, चाक शे का सोयरीक?" तो हसला नाही. आठ दिवस ते चाक तसंच अर्धवट लोंबत होतं. जेवण तुटलं त्याचं. घरात सून समोर आली की हा अंगणात जायचा.

नवव्या दिवशी दिपमाला दुकानात आली. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी.

"नाना, चाक नका बांधू," ती म्हणाली. "मी नोकरी सोडी देस. मले सायकल चालाडता येत नही. परत पडसू, नही ते कोनाले तरी धडकसू."

हिलाल उठून उभा राहिला. मी त्याला डोळ्याने खुणावलं. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही.

"तुनी चूक नही," तो म्हणाला. "चूक मनी शे. मी इट घसी घसीसन रिंग पातळ करी टाकी. धुळाले समजनं मले. नऊ दिन व्हयनात, मन्हा तोंडमातून निंघत नव्हतं."

दिपमालाने त्या अर्धवट चाकाकडे पाहिलं. 

"ब्रेक मारा की हादरा बसस, असं मी तुमले तीनदाव सांगेल व्हतं," ती म्हणाली. "तीन्हीदाव तुम्हीन हसनात. आनि परत इट घसी."

हिलालने मान खाली घातली. मला वाटलं आता ती रडेल, किंवा ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती वेगळंच बोलली.

"आनखी कोना कोना सायकलले इट लायेल शे?"

हिलाल आठवून आठवून नावं सांगू लागला; त्याला थांबवावं कसं या विचारात माझं नावांकडे लक्षच नव्हतं. सात-आठ अलॉयवाले निघाले. टपाल वाटणारीच ती, घरं तिला पाठ.

"पत्ता मी दखाडसू," ती म्हणाली. "सांगानं मात्र तुम्हीन."

आणि त्याच पावली दोघं निघाले. मीही सोबत निघालो. मित्राला एकटं कसं सोडायचं, असा माझा आव. वळण घेऊन दिपमाला पहिल्या घरापुढे थांबली. ते घर माझं होतं.

माझी धाकटी मुलगी पुनम नुकतीच कॉलेजातून आली होती. तिची सायकल ओट्याला टेकवलेली होती. हिलालने वाकून पुढच्या रिंगेवर अंगठा फिरवला आणि डोळे मिटले. मग माझ्या लेकीपुढे हात जोडले आणि सगळं सांगितलं, काही न लपवता.

पुनम सायकलकडे बघत होती. रोज सकाळी ती याच पुलाच्या उतारावरून जाते.

"नाना, तुम्हाला हे कधी कळलं?"

"नऊ दिन व्हयनात, पोरी."

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"अण्णा, धुळ्याला तुम्ही पण गेला होतात ना?"

मी हो म्हणालो.