अमेरिकन कवीचं सुतक

नंदुरबारच्या शाळेत मी हंगामी मास्तर होतो, आणि हंगामी माणसाला गावातलं कुत्रंसुद्धा ओळख देत नाही, असं माझं तेव्हा ठाम मत होतं. घरचं म्हणावं असं कोणी उरलं नव्हतं. नोकरी कायम होणं एवढी एकच आशा, आणि ती शाळेच्या संमेलनाला येणाऱ्या शिक्षण खात्याच्या साहेबांच्या हाती. त्यांच्यापुढे मी एका अमेरिकन कवीचं चरित्र सांगावं, पालकांना कळावं म्हणून मराठीत, असं हेडमास्तरांनी फर्मावलं.

मी रोज सकाळी ओट्यावर उभा राहून तालीम करू लागलो. समोर अंगणात घरमालकीण मावशी चार बायकांना घेऊन मिरचीचे देठ खुडत बसे. हात मिरचीत, कान माझ्याकडे. कवीची आई लहानपणीच गेली, तेव्हा हात थांबले. पाळणाऱ्या बापाशी त्याचं बिनसलं, तेव्हा मावशीने त्या बापाला अशा शिव्या घातल्या की मी पुढचं वाक्यच विसरलो. मग वर्तमानपत्रातल्या नोकऱ्या, मालकांशी भांडणं, एका कवितेने देशभर नाव, आणि पाठोपाठ तरुण बायकोचा क्षय. शेवटी एकदाचं मी कवीलाही मारलं आणि निवांतपणे चहाचं आधण ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दार उघडलं, तर पाचही बायका डोक्यावरून पदर ओढून ओट्यावर गप्प बसलेल्या. खानदेशात कोणी गेलं की त्या घरी असं 'दारवर' जातात. त्या घरची चूल पेटत नाही, शेजारीच जेवण आणतात. मावशीने पिठलं-भाकरी पुढे ठेवली.

"दोन घास खाई ल्या, मास्तर."

"अहो मावशी, तो परदेशातला. जाऊनही किती वर्षं झाली!"

"आम्हले ते कालच समजनं ना!"

पिठलं झकास होतं. मी वाद घातला नाही.

संमेलनात हेडमास्तर कानाशी लागले, "शुभ प्रसंग आहे, मरण-बिरण नको. कवीचं नाव झालं की थांबा." मी आज्ञेप्रमाणे कवीला भर कीर्तीत सोडून नमस्कार केला. टाळ्या पडल्या, आणि मागच्या रांगेत त्या चौघींसोबत बसलेली मावशी उठली.

"तो मरी गया ना! का बरं लपाडी ऱ्हायनात? आम्ही दारवर जाई उनूत!"

हेडमास्तरांचा चेहरा पांढराफटक. माझी नोकरी तिथेच गेली, असं मी धरून चाललो. साहेबांनी चष्मा काढून विचारलं, "बाई, हा कवी तुमचा कोण?"

"मन्हा कोनी नही. मास्तरना माणूस व्हता. मास्तरले आठे दुसरं कोन शे?"

सभा हसली. मास्तरला इथे दुसरं कोण आहे, हे ऐकून मला मात्र चारचौघांत रडू फुटलं. साहेब म्हणाले, "मास्तर, राहिलेलं सांगा." मी सांगितलं. मागच्या रांगेने असा गळा काढला की साहेबांनाही रुमाल काढावा लागला.

पुढे कायम केल्याचा हुकूम आला, तो मी आधी मावशीला नेऊन दिला. तिला वाचता येत नव्हतं. तिने तो उलटसुलट पाहिला, देवापुढे ठेवला आणि डोळे पुसत म्हणाली, "त्या गरीबले बी कायमनी नोकरी भेटती, ते जगी जाता."