फुईचं रिकामं चावणं

वडिलांची थोरली बहीण जव्हारहून कायमची परत आली, त्या दिवशी पाड्यावरची कुत्री भुंकली नाहीत. ती घरांच्या आडोशाला जाऊन उभी राहिली. मी सात-आठ वर्षांची असेन. सूर्यमाळच्या खालच्या अंगाला आमचा पाडा, आणि चढ असा की तरणाताठा माणूसही वाटेत टेकतो. त्या चढावरून एक लठ्ठ बाई येत होती. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं! अहो, आमच्यातलं लठ्ठ माणूस आम्ही तोवर पाहिलंच नव्हतं. लठ्ठ म्हणजे मोखाड्याच्या बाजारातला किराणावाला, बाहेरून आलेला. ही तर आमच्याच नाकाडोळ्यांची होती.

आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. फुई लहान असताना एका उपासमारीच्या सालात तिचा पाठचा भाऊ भुकेने गेला. उरलेली तरी जगावी म्हणून आजोबांनी तिला जव्हारच्या एका मोठ्या घरी तांदूळ निवडायला ठेवलं. तिथेच ती वाढली. पुढे संस्थान विलीन झालं, काही वर्षांनी धन्याने ते घर बंद केलं, माणसं मुंबईला गेली, आणि फुई गेल्या वाटेने परत आली. येताना तिने लहानसं गाठोडं आणलं होतं आणि ती भूक आणली होती.

भूक म्हणजे खादाडपणा नव्हे, हे आधीच सांगते, कारण लोकांना तेवढंच कळतं. आमच्या घरात पळीने वाढायचं. जेवढी पेज आईला तेवढीच फुईला. पण दुपार झाली की फुई हातातलं काम ठेवायची. आभाळ भरलेलं असो, सूर्याचा पत्ता नसो, तिला दुपार बरोबर कळायची. उठून हात धुवायची, भिंतीला टेकून बसायची, उजवा तळहात मांडीवर उघडा ठेवायची आणि चावायला लागायची. तोंडात काही नाही. जबडा मात्र हळूहळू, नीट, घास बारीक करावा तसा हलायचा. डोळे आपल्यावर असायचे, पण ते आपल्याला बघत नसायचे. अंगावर काटा यायचा माझ्या!

मी एकदा धीर करून विचारलं, "फुई, काय खातेस?"

"काय नाय गं. तिथं दुपारची घंटा व्हायची. धनी जेवले की उरलंसुरलं आमचं. तवर दाणा तोंडात घालायचा नाय. घंटा झाली की तोंडाला पाणी सुटायचं."

"इथं कुठं घंटा?"

"व्हते ना," ती म्हणाली. मग माझ्या पोटाकडे बघून विचारलं, "भरलं?" हे ती सगळ्यांना विचारायची. जेवून उठलेल्याला, न जेवलेल्याला, गोठ्यातल्या वासरालाही.

मग पावसाळा आला. आमच्याकडचे आषाढ-श्रावण म्हणजे जुनी नागली संपलेली आणि नवी अजून शेतात. मग रानातला कडूकांद खणून आणायचा, काप करून राखेच्या पाण्यात उकडायचे, टोपलीत घालून रात्रभर ओहोळाच्या वाहत्या पाण्यात ठेवायचे. तेव्हा त्याची खाज जाते. ते खाऊन पोट फुगतं पण भरत नाही. सगळा पाडा वाळायला लागला. बाच्या बरगड्या दिसायला लागल्या, आईच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. फुई तेच कडूकांद खात होती, तेवढंच खात होती, आणि वाळत नव्हती.

इथूनच कुजबुज सुरू झाली. आधी थट्टा, "खायला काळ नि भुईला भार." मग थट्टा थांबली. बायका पाणवठ्यावर तिला पाहून हंडे उचलायच्या. फुईचं नाक असं की कुठल्या चुलीवर काय चढलंय ते आमच्या ओट्यावरून सांगायची, आणि सांगता सांगता तिचा जबडा हलायचा. त्याच दिवसांत पलीकडच्या घरातली दीड-दोन वर्षांची पोरगी खंगत चालली. पोट घागरीएवढं, हातपाय काडी. पोरगीच्या आजीने भर पावसात आमच्या दारात उभं राहून सांगितलं, "माझी नात खाते हिथं, आन् अंगाला लागतं तिथं." आणि हात केला तो फुईकडे.

आमच्याकडे अशा बाईला भुताळी म्हणतात. भुताळी ठरली की तिला पाड्यावर जागा नाही, आणि पावसात पाड्याबाहेर काढलेली बाई कुठे जाते हे विचारायचं नसतं. आईने त्या दिवशी चूल पेटवली नाही. बा नुसता ओट्यावर बसून राहिला. मला फुईची भीती वाटत होती आणि ती जाईल याचीही भीती वाटत होती.

पलीकडच्या डोंगरावरून भगत आला. त्याने सुपातले दाणे पाहिले आणि पारख सांगितली. पोरगीसाठी राखून ठेवलेली मूठभर नागली दळायची, तिची भाकर सगळ्यांसमोर भाजायची, निखाऱ्यावर सुका बोंबील टाकायचा. सगळ्यांनी तोंड मिटून बसायचं. जी दुसऱ्याचं खाते तिच्या तोंडाला पाणी सुटेल, तिच्या गळ्याची घाटी हलेल. खाई त्याला खवखवे!

आता हसू येतं. काय पारख तरी! भुकेच्या महिन्यात, उपाशी माणसं गोळा करून, त्यांच्यापुढे बोंबील भाजायचा! पण तेव्हा कोणी हसलं नाही. कोणाच्या मनातही आलं नाही.

सकाळीच त्या घराच्या पडवीत सगळा पाडा बसला. फुईला पुढे बसवलं. पोरगी आईच्या मांडीवर. भाकर तव्यावर पडली, बोंबील निखाऱ्यावर पडला, आणि तो वास पडवीभर पसरला. काय सांगू, माझं तोंड भरून आलं. आईने माझा जबडा खालून धरला आणि असा दाबला की दात दुखले. फुई चावत होती, उघडपणे, लपवणं तिला ठाऊकच नव्हतं. भगताने तिच्याकडे बोट उचललं.

आणि मग तो आवाज आला. बाहेर पाऊस जरा थांबला होता म्हणून ऐकू आला. मागे कोणीतरी आवंढा गिळला. मग दुसऱ्याने. मग सगळ्या पडवीतून, भिंतीभिंतीने, गटक, गटक, मिटल्या तोंडांनी. कोणी कोणाकडे बघेना. आईचीही घाटी हलली, बाचीही. माझे केस उभे राहिले. मला वाटलं, आम्ही सगळेच भुताळी आहोत आणि आजवर कोणालाच माहीत नव्हतं.

पोरगीची आजीच शेवटी बोलली. "भगता, तुझी बी हालली रं."

भगताचं बोट खाली आलं. त्याने सूप उचललं, उपरणं झटकलं आणि "जाव दे," एवढंच म्हणाला. निकाल दिलाच नाही.

एकटी फुई आमच्याकडे बघत नव्हती. ती पोरगीकडे बघत होती. त्या एवढ्या पडवीत त्या एकाच जिवाचं तोंड हललं नव्हतं. वासाकडे मानही वळली नव्हती. फुई गुडघ्यांवर पुढे सरकली. पोरगीच्या आईने लेक छातीशी ओढली.

"हिला भुकेचा विसर पडलाय," फुई म्हणाली. "माझ्या भावाला आसाच विसर पडला व्हता. मंग तो गेला."

तिने भाकरीचा तुकडा पेजेत कुस्करला, बोटाने पोरगीच्या ओठाला लावला. ओघळून गेला. मग फुई तिच्यासमोर बसली आणि आपलं ते रिकामं चावणं चावू लागली. ज्याला आम्ही भ्यायचो तेच. पोरगीचे डोळे तिच्या जबड्यावर खिळले. कोणी अडवलं नाही, कारण अडवायला तोंड कोणाला होतं? त्या दिवशी काही झालं नाही. फुई रोज दुपारी जात राहिली, चावत राहिली, पेजेचं बोट लावत राहिली. आणि एका दुपारी पोरगीचा एवढासा जबडा हलला, फुईच्या बरोबर, तिच्याच ठेक्यात. मी तिथे होते. बरं वाटायला हवं होतं, पण मी पळून घरी आले.

पोरगी वाचली. फुईला मात्र कोणी हात जोडले नाहीत. "खाल्लेलं परत दिलं तिनं," असं बोलले लोक. असे असतात लोक! राग येतो मला अजून.

दोनेक वर्षांनी फुई तापात गेली. ती पोरगी उशिरा बोलायला लागली, तोवर तिला शब्द फुटले नव्हते. शेवटच्या दुपारी ती फुईच्या उशाशी बसली होती. फुईने तिला विचारलं, "भरलं?" पोरगी नुसती बघत राहिली. फुई वाट बघत होती. मग तिचा जबडा थांबला.

पुढे मी शिकले, शिक्षिका झाले, आणि आता माझंही वजन डॉक्टरांच्या डोळ्यांत खुपतं. एका डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं की चरबीसुद्धा डोक्याला निरोप धाडत असते, पुरे, भरलं म्हणून. पण काहींच्या डोक्याला तो ऐकूच येत नाही. लहानपणी उपासमार सोसलेलं शरीर तर पुढे सुबत्तेतही दाणा दाणा धरून ठेवतं. मी ऐकत होते आणि मला फुईचा उघडा तळहात दिसत होता.

ती पोरगी आता पंचायत समितीत कारकून आहे. लठ्ठ आहे, चढ चढताना धाप लागते. तिच्या घरच्यांनी तिला फुईबद्दल कधीच सांगितलं नाही. भुताळीच्या हातचं खाऊन वाढलेली पोरगी कोण करून घेणार, म्हणून. मागे ती माझ्याकडे आली होती. बोलता बोलता थांबली, उठून हात धुऊन आली आणि भिंतीला टेकून बसली.

"ताई, हसू नकोस," ती म्हणाली. "दुपार झाली की कोणीतरी माझ्यासमोर बसून चावतं. बाई आहे. तोंड दिसत नाही, नुसता जबडा. मग मला खावंच लागतं."

तिचा उजवा हात मांडीवर उघडा होता. मी मग तिला सगळं सांगितलं, पडवी, बोंबील, फुई, सगळं. शेवटचा तो प्रश्नही सांगितला. ती समोरच्या मोकळ्या जागेकडे बघत बसली, जबडा हलत होता.

मग तिने त्या जागेला सांगितलं, "भरलं, फुई."