तागाचं शिंकं

परवा बाजारात ताज्या तागाचा वास आला आणि नव्वदच्या दशकात महाडच्या आमच्या कॉलेजात भरलेलं बांगलादेशी हस्तकलेचं प्रदर्शन आठवलं. मी स्वयंसेविका होते. आई उमरठहून एसटीने आली होती. मडकं टांगायचं रंगीत तागाचं शिंकं पाहून ती थबकली.

"आमच्याकडं बी हाय गो, शिंकं!"

टेबलामागची बांगलादेशी बाई हसली. "शिका!" तिच्या बंगालीत शिंक्याला शिका म्हणतात.

त्यापुढे दोघींना एकमेकींचं काहीच कळेना. बाईने सुटी दोरी पुढे केली. आईने आपली गाठ घालून दाखवली, बाईने ती सोडवून पुन्हा घातली. माझ्या मैत्रिणी बघत होत्या. मला लाज वाटली.

"चल, एसटी चुकेल," म्हणत मी आईला ओढून नेलं.

एसटीला अजून तासभर होता. आता आई नाही आणि ती गाठ मला येत नाही.