चौरंगावरची कादंबरी

वाचनाच्या बाबतीत मी अजिबात नम्र नाही. परभणीत माझ्याइतकं सलग वाचणारी दुसरी बाई असेल तर तिने घरी यावं, मी चहा पाजीन. मी शाळेत शिकवते. उन्हाळ्याची सुट्टी लागली, की जाडजूड पुस्तक घेऊन बसते आणि ते संपल्याशिवाय माणसांत येत नाही. सासूबाईंच्या लेखी मात्र हे काम नव्हतंच. नणंदेचा फोन आला, की त्या माझ्यादेखत सांगायच्या, "बोल की तिच्याशी. काय न्हाई, रिकामीच बसलीय." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ते "रिकामीच" मला दर वेळी झोंबायचं.

गेल्या मे महिन्यात स्टेशनजवळच्या रद्दीवाल्याकडे घबाड हाती लागलं. मुखपृष्ठ गेलेलं, लेखकाचा पत्ता नाही. नदीकाठच्या एका कुंभारणीची कादंबरी. उभ्या उभ्या दोन पानं वाचली आणि ऑटोत बसेपर्यंत कळलं, की सुट्टी सार्थकी लागणार. असं आपण स्वतः शोधून काढलेलं पुस्तक वाचताना अंगात वेगळाच तोरा येतो. कुणी शिफारस केलेली नसते, कुणी आधीच शेवट सांगून टाकलेला नसतो.

पण पुस्तक भलतंच जड. हात भरून यायचे, शिवण सुटलेली पानं कूलरच्या वाऱ्याने उडायची. म्हणून मी पोथीचा चौरंग खिडकीशी ओढला, त्यावर पुस्तक ठेवलं आणि समोर पाट मांडून बसले. उठताना वर लाल फडकं टाकायचे. शेजारच्या मावशींनी हे खिडकीतून पाहिलं आणि गल्लीभर सांगितलं, की मॅडम पारायणाला बसल्यात. पारायणाला बसलेल्या माणसाला कुणी हाक मारत नाही. ना कुणी विरजण मागायला आलं, ना कुणी गप्पा मारायला. इतका निवांतपणा मला माहेरीही मिळाला नव्हता, आणि तो कशामुळे, याचा मला पत्ताच नव्हता.

सातव्या दिवशी मी शेवटच्या प्रकरणाशी आले होते, तेवढ्यात मावशी गल्लीतल्या बायकांना घेऊन दारात हजर. हातात नारळ, हार, पेढे. पारायणाची समाप्ती ऐकायला आल्या होत्या. पलंगावरून सासूबाई माझ्याकडेच पाहत होत्या.

"मावशी, ही पोथी नाही हो," मी म्हणाले. "कादंबरी आहे."

मावशींनी सतरंजीवर ऐसपैस बैठक मारली. "मग काय झालं? उन्हातानाचं आलोय आमी. वाचा की मॅडम, काय हाय ते."

मी वाचायला लागले. कुंभारणीच्या दारात पुराचं पाणी शिरलं तशी सासूबाईंनी मला मध्येच थांबवलं.

"थांब गं. हिची लेक कुठं गेली? मागचं ठावं न्हाई तर कळंल कसं? पहिल्यापासून सांग."

मग काय विचारता! सांगायला घेतलं ते चहाची वेळ टळून गेली तरी मी थांबले नाही. रोज वर्गात बोलते, पण असा वर्ग मला कधी मिळाला नव्हता. शेवटचं पान वाचलं तेव्हा मावशी पदराने डोळे पुसत होत्या. नारळ देवापुढे फुटले, पेढे तिथल्या तिथे संपले. "लय सोसलं बाईनं," एवढंच बोलून सासूबाई आत गेल्या. माझ्याबद्दल एक शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी मी नवं पुस्तक उघडलं. चौरंग जागेवर गेला होता, मी साध्या खुर्चीत बसले होते. नणंदेचा फोन आला. सासूबाईंनी उचलला, माझ्याकडे पाहिलं. मी सवयीने पुस्तक मिटून हात पुढे केला.

"आत्ता न्हाई," त्या फोनवर म्हणाल्या. "वाचायलीय ती. कामात हाय. मागून कर."