एकदाच विचारायचं

आमच्या सुनीतीला स्वस्थ बसणं ठाऊकच नाही. ती माझी धाकटी जाऊ, माझ्या दिराची, सुमंतची बायको. गणितात एम.एस्सी. करून आमच्या कोपरगावच्या घरात आली आणि साखर कारखान्यात तात्पुरती लागली. काम काय, तर कोणाचा ऊस आधी तोडायचा ती पाळी कॉम्प्युटरकडून लावून घ्यायची. कॉम्प्युटर पुण्याला, भलत्याच हापिसात. दर गुरुवारी कारखान्याला त्याचा एक तास मिळायचा. त्र्याहत्तरच्या दिवाळीआधीची गोष्ट ही.

त्या गुरुवारी ती हात हलवत परत आली. तास संपला, मशीन आपलं चालूच, पाळी काही बाहेर पडली नाही. साहेबांनी सांगून टाकलं, पुढच्या गुरुवारीही असंच झालं तर पाळी पूर्वीसारखी हाताने लावू, तुम्ही घरी बसा. घरी बसणं म्हणजे काय ते मला विचारा! मामंजी तर वाटच बघत होते. सुनेचं पुण्याला जाणं त्यांना पहिल्यापासून डाचत होतं.

मग काय, सुनीतीच्या पायाला भिंगरी. ओसरीवरून माजघरात, माजघरातून परसात, मधेच चुलीपाशी उभी राहून पुटपुटणं. तिच्या डोळ्यांदेखत दूध उतू गेलं. मी चिडले, म्हटलं, बाई गं, काय बिघडलंय ते सांग नाहीतर एका जागी बस. म्हणाली, बिघडलं काहीच नाही, उत्तरं बरोबर येताहेत, नुसता वेळ खातंय.

मंगळवारी मी कढी करत होते. मीठ किती, ते विचारायला सासूबाईंकडे ओसरीवर गेले. परत आले, तर भाजीत तिखट किती? पुन्हा गेले. मग आमटीत गूळ. आमच्या घरची रीतच ती. सुनेने मनाने काही करायचं नाही, आणि कालचं उत्तर आज धरायचं नाही. सुनीती दारातून माझ्या खेपा बघत होती. एकदम मटकन खाली बसली आणि हसत सुटली. मला रागच आला.

"वहिनी," ती म्हणाली, "मशीनलासुद्धा मी आपल्या घरची सून करून ठेवलंय."

मग तिने समजावलं. प्रोग्रॅममधे कामाचे तुकडे एकात एक असतात, खोलीच्या आत खोली असावी तसे. आतल्या तुकड्याला उसाचं वय लागायचं. पण प्रोग्रॅम लिहायच्या तिच्या त्या आल्गॉल भाषेत, वेगळं सांगितलं नाही तर वय आत येतच नाही. आत येतो नुसता निरोप, की लागेल तेव्हा बाहेरच्या खोलीत जाऊन विचार. आणि बाहेर ते दरवेळी ऊस लावल्याच्या तारखेपासून नव्याने मोजलं जायचं. एकेक शेत बाकीच्या सगळ्या शेतांशी ताडून बघायचं, आणि प्रत्येक वेळी ही खेप. तास पुरणार कसा? दरवेळी विचारून येण्यात काही चुकतंय असं तिच्या मनातही आलं नव्हतं. आता वय एकदाच विचारून आत नेऊन ठेवणार होती.

मी म्हटलं, आणि मधेच काही बदललं तर? ती म्हणाली, जे खरंच बदलतं तेवढंच पुन्हा विचारायचं. उसाचं वय तासाभरात वाढत नाही.

दर बुधवारी संध्याकाळी ती मामंजींना "उद्या जाऊ का?" विचारायची आणि ते सकाळपर्यंत तिला ताटकळत ठेवायचे. त्या बुधवारी ती त्यांच्यासमोर उभी राहिली.

"मामंजी, सीझन संपेपर्यंत दर गुरुवारी मी पुण्याला जाणार आहे. आता पुन्हा विचारणार नाही."

मामंजींनी पानाला चुना लावून विडा तोंडात टाकला. मग म्हणाले, परत यायला उशीर होतो, सुमंतला स्टँडवर पाठवत जाईन.

गुरुवारी ती आली ती कागदाची भली मोठी गुंडाळी काखेत घेऊन. काम अर्ध्या तासातच उरकलं होतं, आणि उरलेला वेळ ती नुसती मशीनकडे बघत बसली होती म्हणे.

शुक्रवारी कढीला उकळी आली. मी मीठ हातात घेतलं, सवयीने ओसरीच्या दारापर्यंत गेले, परत फिरले आणि घातलं. सासूबाई पहिला भुरका घेईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.