विलास सर आणि ‘पुनर्गायन’ हा शब्द

विलास सर गेले. आयुष्यात मी सगळ्यात जास्त भांडले ते या माणसाशी.

आणि भांडण कशावरून? गाण्यांच्या कव्हर व्हर्जनवरून, म्हणजे एकाचं गाणं दुसऱ्याने गाण्यावरून.

मी नांदेडला नीटच्या पोरांना बायोलॉजी शिकवते, हे तुम्हाला माहीत आहे. दोन बॅचच्या मधल्या वेळात मी इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात लिहिते, हे फार कुणाला माहीत नाही. तिथे कुणीही लेख लिहू शकतं, आणि दुसरं कुणीही तो दुरुस्त करू शकतं.

आमच्या शाळेच्या गॅदरिंगला दरवर्षी वाजणाऱ्या एका हिंदी पॉप गाण्यावर मी लेख लिहिला. शेवटी एक ओळ टाकली: ‘पुढे या गाण्याच्या अनेक नकला निघाल्या.’

चार मिनिटांत ओळ गायब!

खोडणाऱ्याने कारण दिलं होतं: ‘नक्कल पोरं परीक्षेत करतात. गाणारा गातो.’

मी ओळ परत टाकली. त्याने परत काढली.

तो माणूस म्हणजे विलास सर. रेणापूरला राहायचे, लातूरच्या एका क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायचे. तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

प्रत्येक लेखामागे चर्चेचं एक पान असतं. तिथे आमची तीन आठवडे जुंपली.

माझं म्हणणं, गाणं मूळ गायिकेचं. बाकीच्यांना एक ओळ बास.

त्यांचं म्हणणं, गाणं एकच, लेखही एकच. पण त्यात प्रत्येक कव्हरला स्वतःची जागा हवी. कुणी गायलं, चाल बदलली का, लय बदलली का, सगळं. आणि त्याला ‘पुनर्गायन’ म्हणायचं.

मी लिहिलं, ‘याने मूळ गायिकेचा मान कमी होतो.’

त्यांनी लिहिलं, ‘ताई, मान कमी होत न्हाई. गाणं कुठवर गेलं ते कळतं.’

मग एका रविवारी पेपर सेटिंगसाठी लातूरला जायचं होतं. ते रेणापूरचे, हे एव्हाना चर्चेतून कळलं होतं, म्हणून त्यांना कळवलं. ते म्हणाले, घरी या, समोरासमोर भांडू.

सरांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, चुरमुऱ्यांचा सुशीला केला होता. खाता खाता मी विचारलं, “सर, कव्हरचा एवढा पुळका का हो तुम्हाला?”

ते काकूंकडे बघून हसले. “मी आधी ऑर्केस्ट्रात गात होतो. दुसऱ्यांचीच गाणी. सगळा जन्मच कव्हर व्हर्जन.”

मग त्यांनी त्र्याण्णवच्या भूकंपानंतरचं सांगितलं.

लग्नं थांबली, तसा ऑर्केस्ट्राही थांबला. सर कपडे, ब्लँकेटं घेऊन किल्लारीकडे गेले आणि महिनाभर तिथेच राहिले. पत्र्याच्या शेडमध्ये पोरांना शिकवायचे. तिथे सुनीता नावाची आठ वर्षांची मुलगी होती. आई गेल्यापासून ती बोलतच नव्हती. तिचे आजोबा म्हणाले, हिला रेडिओवरचं ते अमुक गाणं लई आवडायचं.

तेच गाणं. माझ्या लेखातलं.

“ते गाणं म्हणजे नुसतं पळतं,” सर म्हणाले. “त्या शेडात पळतं गाणं कसं म्हणावं? ना ढोलक, ना कीबोर्ड. मी हळू म्हटलं, खालच्या पट्टीत. दुसऱ्या कडव्यात माझा शब्द चुकला.”

“मग?”

“ती म्हणाली, ‘तसं न्हाई काका.’ अन् बरोबर शब्द सांगितला.”

काकू म्हणाल्या, “घरी आल्यावर लई रडले होते हे.”

मी म्हणाले, “सर, हे लेखात टाका ना!”

“पुरावा?”

“तुम्ही स्वतः!”

“मी पुरावा न्हाई. मी घरचा साक्षीदार.”

त्या दुपारी आम्ही नियमाचा मसुदा लिहिला. शब्द पुनर्गायन. मूळ लेखातच वेगळा विभाग. आणि ज्या पुनर्गायनाबद्दल दुसऱ्या कुणी छापून लिहिलंय, तेच घ्यायचं. स्वतःच्या आठवणी चालणार नाहीत.

हे शेवटचं वाक्य सरांचं. मी खूप विरोध केला. ते हटले नाहीत.

बाकीच्या संपादकांनी चार शब्द इकडेतिकडे करून तो मसुदा मान्य केला.

दोन वर्षांनी माझ्या क्लासमधली एक मुलगी गावाकडून तिच्या शाळेची स्मरणिका घेऊन आली. भूकंपानंतर नव्याने वसलेलं गाव. त्यात एका माजी विद्यार्थिनीचा लेख होता. तिने लिहिलं होतं, ‘शेडमध्ये ऑर्केस्ट्रातले एक काका यायचे. ते हे गाणं इतकं हळू म्हणायचे की आम्हा सगळ्यांना म्हणता यायचं.’

खाली नाव, सुनीता. सरकारी दवाखान्यात नर्स.

मी वर्गाबाहेर येऊन सरांना फोन लावला. वाचून दाखवलं.

“ती नर्स झाली?”

“हाव सर.”

“नर्स झाली?”

“हो सर.”

“बघ, नर्स झाली ती!” हे मला नाही, आत काकूंना.

मग मला म्हणाले, “मी त्या लेखाला हात लावणार न्हाई. माझा संबंध हाय. तू मांड.”

मी मांडलं. शाळेची स्मरणिका पुरावा म्हणून चालेल का, यावर बरीच चर्चा झाली. सरांनी फक्त एक शब्द लिहिला: ‘तटस्थ.’

शेवटी तो परिच्छेद राहिला. मी त्यात सरांचं नाव घालायला निघाले, तर त्यांचा फोन.

“स्मरणिकेत नाव हाय का?”

“नाही.”

“मग न्हाई. पण लय बरोबर लिहिली तू. ती लई महत्त्वाची.”

माझ्या त्या विद्यार्थिनीकरवी पत्ता कळवला, तशी सुनीता पुढे नवऱ्याला, मुलांना घेऊन रेणापूरला आली होती. काकू सांगत होत्या, अंगणात सगळ्यांनी मिळून ते गाणं म्हटलं. सरांचा शब्द परत चुकला, आणि तिने परत दुरुस्त केला.

आता नवीन मुलं कुठल्याही गाण्यावर लेख लिहिताना ‘पुनर्गायन’ असा विभाग आपोआप करतात. शब्द कुणामुळे आला, त्यांना ठाऊक नाही. सर म्हणायचे, “ठाऊक कशाला पाहिजे? करून राहिलेत ना, बास.”

ज्ञानकोशातल्या त्या परिच्छेदात सरांचं नाव येणार नाही. नियम आहे आणि तो योग्य आहे.

इथे तो नियम लागू नाही.

ऑर्केस्ट्रातले ते काका म्हणजे रेणापूरचे आमचे विलास सर.

सर, भरल्या मनाने तुम्हाला निरोप देते.